चोवीस शिंपले

सभेची वेळ आम्हीच ठरवली होती, सकाळी दहा.
होड्या तेव्हा समुद्रात होत्या.
शाळेच्या वर्गात आले सात म्हातारे, एक बाळंतीण
आणि वागियेम,
जिला कुणी बोलावलंच नव्हतं.

मी सेमारांगच्या कचेरीतला कारकून.
माझं काम इतिवृत्त लिहिणं:
कोण बोललं, काय ठरलं, किती वाजता संपलं.
साहेबांनी तीन बाकं जोडून नकाशा पसरला.
किनाऱ्याला लागून लाल रेघ, ती भिंत.
पलीकडे समुद्र, निळाशार.

"हा निळा कुणी भरला?" वागियेमनं विचारलं.
"आमचं पाणी चहासारखं असतं. बिनदुधाच्या."
कुणीतरी हसलं.
मी ते लिहिलं नाही.

मग ती म्हणाली, भिंत समोर बांधताय,
पाणी समोरून येतंय कुठे?
ते मागनं येतं, जावयासारखं,
नाल्यातून, मोरीतून, मशिदीच्या हौदाशेजारून,
सगळ्यांच्या देखत,
आणि बसून राहतं.

साहेब म्हणाले, दाखवा.

तिनं खांद्यावरच्या ओढणीची गाठ सोडली.
आत बाजारात न खपलेले शिंपले.
एक ठेवला सुपार्दीच्या चुलीपाशी,
एक दवाखान्याच्या पायरीवर,
एक नाल्याच्या वळणावर, जिथे नकाशात रस्ता होता.
म्हातारे उठून जवळ आले.
इथे नको, अजून वर.
अरे, ते फुटलेलं तळं कुणाचं?
शिंपले सरकत गेले बोटाबोटानं,
आणि गावात पाणी शिरलं
कागदावर, पहिल्यांदाच खरं.

कस्मुरी म्हणाला, मी चारदा जमीन उंच केली घराची.
छप्पर तेवढंच राहिलं.
आता स्वतःच्या दारातून वाकून जावं लागतं.
लोकांना वाटतं, म्हातारा नम्र झाला.
आईची कबर दोनदा वर घेतली,
तिसऱ्यांदा घ्यायला हातात जोर नाही.
तुमच्या यादीत घरं आहेत, तळी आहेत,
कबरी कुठल्या रकान्यात?

रकाना नव्हता.
मी एक आखला, पट्टीवाचून, वाकडा.

सव्वा अकराला वागियेमनं खिडकीबाहेर पाहिलं.
"उठा आता. चपला हातात घ्या."
आमच्या तक्त्यात भरती दुपारची होती.
साहेब तक्ता दाखवत होते
तोवर फरशीच्या सांध्यातून एक ओली रेघ आली,
मग दुसरी,
मग बाकांचे पाय दिसेनासे झाले.
नकाशा चौघांनी चार कोपऱ्यांना धरून उचलला,
शिंपले हलू नयेत म्हणून श्वास रोखून,
जसं झोपलेलं मूल एका खोलीतून दुसरीत नेतात.

दुसरी सभा रात्री नऊला, वागियेमच्या हिशेबानं.
माणसं मावेनात, खिडक्यांत पोरं.
भांडणं झाली.
नाल्याचं दार कुणाच्या जागेत?
खारफुटी लावायची, तर माझ्याच तळ्यात का?
तो तुझा मेहुणा म्हणून वाचला!
साहेब दोनदा म्हणाले, एकेकानं बोला.
मग म्हणायचे थांबले.

लस्तरी, ती बाळंतीण, भिंतीला टेकून उभी होती.
म्हणाली, मला इथे राहायचंच नाही.
दार नको, भिंत नको,
माझ्या वाटचे पैसे द्या, मी डोंगराकडे जाते.
सगळे तिच्यावर तुटून पडले.
मी तिचं वाक्य पूर्ण लिहिलं,
साहेबांनी खोडलं,
मी परत लिहिलं.

नवा नकाशा चार महिन्यांनी आला.
समुद्र अजून निळाच.
शिंपल्यांच्या जागी बारीक गोल, मशिदीपासून दवाखान्यापर्यंत.
कबरींना हिरवा ठिपका.
लस्तरीसाठी काही नाही, फक्त तळटीप: विचाराधीन.

वागियेमनं बोट टेकवत टेकवत गोल मोजले.
"तेवीस," ती म्हणाली. "चोवीस होते."

मी खिशात हात घातला.